मुली भांडत नाहीत म्हणणाऱ्यांनी एकदा लॅबच्या मागच्या खोलीत बसून बघावं

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सीनियर कॉलेजमध्ये केमिस्ट्रीची लॅब असिस्टंट आहे, चोवीस वर्षं झाली. गेली सहा वर्षं मुलींच्या होस्टेलच्या रेक्टरचा चार्जपण माझ्याच गळ्यात पडलाय, कारण आधीच्या मॅडम रिटायर झाल्या आणि नवीन भरती कधी होणार ते देवाला माहीत. माझं नाव आणि कॉलेजचं नाव छापू नये ही विनंती. पत्र जरा लांबलंय, कापायचं तर कापा, पण होस्टेलचा भाग तेवढा ठेवा.

झालं असं की मागच्या महिन्यात आमच्याकडे 'संघर्ष व्यवस्थापन' नावाचं एक वर्कशॉप झालं. नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणारी संस्था) फाइलला फोटो लागतात, त्यामुळे अशी वर्कशॉप होत असतात, बॅनर चांगला छापतात, समोसा असतो. बाहेरून आलेल्या सरांनी मुलामुलींना एक प्रश्नावली वाटली. थॉमस आणि किलमन या दोन अमेरिकन प्राध्यापकांनी १९७४ साली काढलेली ही परीक्षा आहे, तीस जोड्या असतात, प्रत्येक जोडीत अ आणि ब अशी दोन वाक्यं, आपल्याला जे लागू पडतं त्यावर खूण करायची आणि शेवटी बेरीज करून तुम्ही भांडणात कसे वागता ते पाच प्रकारांत कळतं. भिडणारे, मिळून मार्ग काढणारे, अर्ध्यावर तोडणारे, टाळणारे आणि पडतं घेणारे. बेरजा झाल्या, हात वर करायला लावले, आणि सरांनी जाहीर केलं की बघा, मुलं भिडतात आणि मुली टाळतात किंवा पडतं घेतात, मुलींचा स्वभावच समजुतीचा असतो. टाळ्या पडल्या. प्राचार्यांनीपण मान हलवली.

मी शेवटच्या रांगेत खुर्च्या मोजत उभी होते (त्या परत करायच्या होत्या मंडपवाल्याला) आणि मला एकदम हसू आलं, कारण टाळ्या वाजवणाऱ्यांत पुढच्या रांगेत आमच्या होस्टेलच्या ज्या दोघी बसलेल्या त्यांच्यात आदल्याच रात्री बादलीवरून असं काही भांडण झालेलं की वॉचमन काका काठी घेऊन वर आले होते.

नंतर होस्टेलवर गेल्यावर मी चारपाच जणींना सहज विचारलं, की काय गं, ते फॉर्म भरताना भांडण कुणाशी चाललंय असं मनात धरलं होतंत? एक म्हणाली पप्पांशी. एक म्हणाली दादाशी. एकीने तर सरळ सांगितलं, "मॅडम मी आमच्या एचओडी सरांना डोळ्यासमोर आणलं." दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मुलांना हाच प्रश्न विचारला तर सगळ्यांनी मित्राचं नाव घेतलं, रूममेट, क्रिकेटवाला, गाडीवरून वाजलेला तो. आता त्या परीक्षेत एवढंच लिहिलेलं असतं की तुमची इच्छा आणि समोरच्याची इच्छा वेगळी असेल तेव्हा तुम्ही काय करता, समोरचा कोण ते लिहिलेलंच नाहीये. मग बापाशी पडतं घेणारी मुलगी आणि मित्राला भिडणारा मुलगा यांची बेरीज एकाच फळ्यावर मांडून स्वभावाचं लेबल लावायचं, हे मला काही पटलं नाही. त्या मुलाला विचारा की बाप समोर असताना किती भिडतोस ते.

मी काही मानसशास्त्र शिकलेली नाही, बीएस्सी केमिस्ट्री आहे मी, पण आमच्या लॅबला लागून एक छोटी खोली आहे, तिथे आम्ही सोल्यूशन बनवतो, बाटल्या भरतो, आणि मधल्या दाराला जाळी आहे. मुलांना वाटतं तिथे कुणी नाही. चोवीस वर्षं मी त्या जाळीतून ऐकतेय.

एफवायचं टायट्रेशन असतं. रोल नंबरप्रमाणे जोड्या पाडतो, एक ब्युरेट (खाली कॉक असलेली खुणांची काचेची नळी) दोघांत. फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक ॲसिड, दोन थेंब फिनॉल्फथॅलिन, आणि वरून सोडियम हायड्रॉक्साइड थेंब थेंब सोडायचं, एका थेंबाला फिकट गुलाबी झालं की थांबायचं. तीन रीडिंग जुळली पाहिजेत, त्याला सीबीआर, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, म्हणतात, आणि इथेच सगळी भांडणं होतात, कारण कॉकवर हात असणाऱ्याने जरा दुर्लक्ष केलं की फ्लास्क एकदम गडद राणी कलरचा होतो आणि मग परत धुवा, परत पिपेटने घ्या, परत भरा.

दोन मुलांची जोडी असली की लगेच आवाज येतो, "ए येड्या, झोपलास का, लक्ष कुठंय तुझं," मग तो म्हणतो तूच कर मग, मग ढकलाढकली, मग सर ओरडतात, मग दोघं गप्प, आणि दहा मिनिटांनी दोघं मिळून तिसऱ्याच्या रीडिंगमध्ये डोकावतात. दोन मुलींची जोडी असली की काही आवाज नाही. एक जण न बोलता फ्लास्क उचलते, नळाखाली धुते, जरा जोरातच धुते, आणून ठेवते. दुसरी जर्नलमध्ये बघत बसते. तीन आठवड्यांनी माझ्याकडे येऊन हळूच, "मॅडम माझा पार्टनर बदलून मिळेल का?" का गं? "असंच."

हे बघून मीही बरीच वर्षं तेच म्हणायची जे सर म्हणाले. मुलं ओकून मोकळी होतात, मुली मनात ठेवतात. पण मग हळूहळू एक गोष्ट लक्षात आली, आणि ती लक्षात यायला मला दहा वर्षं लागली याची लाजच वाटते. सर मीटिंगला गेले, लॅबमध्ये फक्त पोरं उरली, की चित्र उलटं होतं. त्याच मुली, "काय गं बावळट, किती सोडलंस, आता मी धुणार नाही तूच धू," "हो का, मागच्या वेळी कुणी सांडलं होतं मग?" असं खणखणीत चालतं, आणि पुढच्या रीडिंगला दोघी हसतायत. आणि तीच मुलं, जी सरांसमोर कॉलर धरायला निघालेली, ती सर गेल्यावर एकदम शांत होतात, एकमेकांना म्हणतात जाऊ दे यार भर लवकर, घरी जाऊ. म्हणजे मुलांचं ओरडणं निम्मं तरी बघणाऱ्यांसाठी होतं, आणि मुलींचं गप्प बसणंही बघणाऱ्यांसाठीच होतं. समोर माणूस बसला की मुलाला वाटतं माघार घेतली तर इज्जत गेली आणि मुलीला वाटतं आवाज चढवला तर इज्जत गेली.

आणि शब्दच बघा ना आपले. दोन मुलं भांडली तर 'मॅटर झाला', 'राडा झाला', आणि मिटलं की 'मॅटर सेटल'. दोन मुली भांडल्या की 'ड्रामा'. मॅटर म्हणलं की त्यात काहीतरी मुद्दा असतो, कुणीतरी मध्ये पडून सोडवतो, चहा होतो. ड्रामा बघायला लोक फक्त जमतात. स्टाफरूममध्येपण तेच, मुलगा वर तोंड करून बोलला तर तापट आहे जरा, मुलगी बोलली तर आगाऊ. हे बोलणाऱ्यांत बायकाच जास्त असतात हेही लिहिते, मी सुद्धा बोललेय.

आमच्या सायकॉलॉजीच्या मॅडमना मी हे सगळं सांगितलं तर त्या म्हणाल्या की दोन्ही बाजूंनी संशोधन आहे. बेनेन्सन नावाच्या एक बाई आहेत, त्यांनी आणि रॅंगम म्हणून दुसऱ्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली टेनिस, टेबल टेनिस, बॅडमिंटन आणि बॉक्सिंगच्या मॅचेसचे व्हिडिओ तपासले, ४४ देशांतले खेळाडू होते, आणि मॅच संपल्यावर एकमेकांना हात मिळवणं, पाठीवर थाप मारणं हे पुरुष खेळाडू बायकांपेक्षा जास्त वेळ करतात असं त्यांना दिसलं. म्हणजे भांडून झाल्यावर जुळवून घेणं पुरुषांना सोपं जातं असा त्यांचा अंदाज. आणि जॅनेट हाइड म्हणून दुसऱ्या बाई, त्यांनी २००५ मध्ये ४६ मोठ्या आढाव्यांचं एकत्र गणित मांडलं आणि म्हणाल्या की स्त्री-पुरुषांच्या मनात आपण समजतो तेवढा फरक नसतो, बहुतेक फरक अगदी किरकोळ, हाणामारीसारख्या थोड्याच बाबतीत तो ठळक दिसतो. मॅडम म्हणाल्या तुम्हाला यातलं कुठलं पटतं? मी म्हणलं मॅडम, मला आधी हे सांगा की मॅच संपल्यावर मुलींना घरी जायची घाई होती का नव्हती. त्या हसल्या, पण मी चेष्टा करत नव्हते.

कारण आमच्याकडच्या मुली निम्म्याहून जास्त एसटीने येतात. खानापूर, आटपाडी, जत बाजूच्या, आणि २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून तर अजूनच. मुलांकडे गाड्या. प्रॅक्टिकल पाचला सुटतं आणि एकीची बस सव्वापाचला असते. आता पाचला भांडण सुरू झालं तर मुलगा पार्किंगमध्ये थांबतो, टपरीवर जातो, तासभर शिव्या देतो, मग तिसरा कुणीतरी येऊन गळ्यात गळा घालतो आणि सातला विषय संपतो. मुलीला ते भांडण तसंच अर्धवट पिशवीत घालून बस पकडावी लागते. मग ते रात्री व्हॉट्सॲपवर निघतं, आई शेजारी बसलेली म्हणून फोन करून बोलता येत नाही, मग स्टेटस, मग टोमणा, मग ग्रुपमधून लेफ्ट, मग ब्लॉक. आणि आपण म्हणतो मुली आडून वार करतात! अहो समोरून करायला त्यांना वेळ आणि जागा आहे कुठे?

जिथे जागा मिळते तिथे बघा. आमची मुलींची कबड्डी टीम आहे, संध्याकाळी ग्राउंडवर प्रॅक्टिस असते. पाय बोनस लाइनला लागला की नाही यावरून त्या पोरी अशा भांडतात की मुलांची टीम बाजूला उभी राहून बघते, ऐकवत नाहीत असे शब्द निघतात, आणि पुढची चढाई सुरू झाली की ज्या दोघींचं वाजलं त्याच साखळी करून एकमेकींचा हात धरून उभ्या. तीस सेकंदांत रेड संपते, रुसायला वेळच नसतो. या त्याच मुली आहेत, ज्यांच्या घरचं पाणी वेगळं नाही की जात-गाव वेगळं नाही.

उलट मुलांचं सगळं आलबेल आहे असंही नाही हां. मुलांच्या होस्टेलला एका रूममध्ये दोन मुलं अख्खं सेमिस्टर एकमेकांशी बोलली नव्हती, एकाच टेबलावर अभ्यास करायची, चार्जर मागायचा तरी तिसऱ्याला सांगायची. एक मुलगा प्रॅक्टिकलला यायचाच बंद झाला, विचारलं तर म्हणाला पोट दुखतं, नंतर कळलं की त्याला त्याच्या बॅचमधली मुलं वडिलांच्या धंद्यावरून चिडवायची, रोज, हसत हसत. त्याने कधी तक्रार केली नाही, कारण तक्रार करणारा मुलगा म्हणजे बायल्या. तो शब्द तर मी लॅबमध्ये किती वेळा ऐकलाय. तर मनात ठेवणं हे काही फक्त मुलींचं नाहीये.

आता होस्टेलचं सांगते.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. एस.वाय.च्या दोघी, एकाच रूमच्या. पाणी तापवायच्या कॉइलवरून वाजलं. कॉइल एकीची, दुसरीने न विचारता लावली आणि बादली कोरडी झाली तरी बटण चालूच, कॉइल जळाली, बादलीला भोक. रात्री अकराला जिची कॉइल होती ती इतकी ओरडली की खालच्या मजल्यावर ऐकू गेलं. तिचं बरोबरच होतं, चारशे रुपयांची वस्तू, वर आग लागली असती. मी वर गेले, दोघींना झापलं, आणि आमचा जो नियम आहे, भांडण झालं की पालकांना कळवायचं, तो पाळला. दोन्ही घरी फोन लावले. जिने कॉइल जाळली तिची आई म्हणाली, "बरं मॅडम, समजावते मी." जी ओरडली होती तिच्या वडिलांनी फोनवर फक्त हं म्हणलं. सकाळी पहिल्या एसटीने ते हजर. हातात रिकामं पोतं. मला नमस्कार केला, म्हणाले, "मॅडम, पोरीला शिकायला पाठवलं होतं, रात्री-अपरात्री वरडायला नाही," आणि तिची पेटी, गादी, पुस्तकं सगळं पोत्यात भरून घेऊन गेले. परीक्षेला दोन महिने राहिले होते. मी म्हणलं, दादा अहो भांडण मिटलंय, चूक तिची नव्हती, पण ते ऐकायच्या पलीकडे होते, आणि ती पोरगी एक शब्द बोलली नाही. आदल्या रात्री अख्खं होस्टेल जागं करणारी ती, गेटपर्यंत मान खाली घालून गेली. परीक्षेला आली नाही. पुढच्या मे मध्ये लग्नपत्रिका आली. सगळ्यात जास्त कोण रडलं असेल तर जिने कॉइल जाळली ती, ती नवीन कॉइल विकत आणून महिनाभर कपाटात ठेवून होती.

त्याच टर्ममध्ये मुलांच्या होस्टेलला दोघांनी मारामारीत खिडकीची काच फोडली, एकाच्या हाताला टाके पडले. रेक्टर सरांनी दोघांकडून काचेचे पैसे घेतले, चहा पाजला, हात मिळवायला लावला. घरी फोन? "पोरं आहेत मॅडम, व्हायचंच."

तर साहेब, वर्कशॉपवाल्या सरांना मला हे विचारायचं होतं, की ज्या पोरीला माहितीये आवाज चढवला तर शिक्षण बंद होऊ शकतं, ती टाळते, पडतं घेते, रूम बदलून मागते, यात स्वभाव कुठे आला? हिशोब आहे तो. आणि बरोबर हिशोब आहे. एका मुलीचं काय झालं ते बाकीच्या चाळीस जणींनी बघितलेलं असतं, त्यानंतर वर्षभर आमच्या होस्टेलला एकही भांडण झालं नाही, आणि मला प्राचार्यांनी शाबासकी दिली, मी ती घेतली.

कुणी म्हणेल की तक्रारीला कमिट्या आहेत की. आहेत ना, बोर्डवर सगळ्या लावल्यात. रॅगिंगसाठी यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २००९ चे नियम आहेत, ते पाहिजेतच. लैंगिक छळासाठी अंतर्गत तक्रार समिती, २०१५ चे नियम, तीही पाहिजेच. २०२३ मध्ये विद्यार्थी तक्रार निवारणाचे नवे नियम आले, त्यात समितीत बाई असलीच पाहिजे, कामाच्या १५ दिवसांत अहवाल, वर लोकपाल, चांगलं आहे, पण ते ॲडमिशन, फी, मार्कलिस्ट असल्या कॉलेजविरुद्धच्या तक्रारींचं आहे. दोन मुलांचं किंवा दोन मुलींचं साधं रोजचं भांडण, बादलीचं, नोट्स परत न देण्याचं, प्रोजेक्टमध्ये एकीनेच सगळं लिहिण्याचं, ते यातल्या कुठल्याच खोक्यात बसत नाही. ते जातं शिस्तपालन समितीकडे, म्हणजे आधी ओरडा, मग पालकांना फोन, मग हमीपत्र. पूर्वी कॉलेजात निवडणुका तरी असायच्या, १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने त्या गेल्या आणि मार्कांवर प्रतिनिधी नेमायला लागले, २०१६ च्या कायद्यात परत तरतूद आली पण आमच्या कॉलेजने अजून एक मतपेटी बघितलेली नाही. निवडणुकीत काय हाणामाऱ्या व्हायच्या ते मला माहितीये, मी तेव्हा विद्यार्थिनी होते, ते दिवस सोन्याचे होते असं म्हणायचं नाही मला. पण चार लोकांसमोर उभं राहून दुसऱ्याशी वाद घालायची सवय तरी कुठेतरी लागायची, मुलींनापण.

माझं मागणं दोनच गोष्टींचं आहे. एक, सीनियर कॉलेजातली मुलं-मुली अठरा वर्षांची असतात, मतदान करतात, तर साध्या भांडणाला घरी फोन लावायचा नियम काढून टाका, निदान दोघांचं ऐकून घेतल्याशिवाय तरी लावू नका, आणि लावायचाच तर मुलांच्याही घरी लावा म्हणजे नियम बनवणाऱ्यांना कळेल की फोनने काय काय होतं. दोन, भांडायला जागा द्या. हसू नका. मी माझ्यापुरतं सुरू केलंय. होस्टेलच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे जागा आहे, दोघींचं वाजलं की मी सांगते वर जा, काय बोलायचं ते बोला, शिव्या द्या, अंगाला हात लावायचा नाही, मी जिन्यात बसलेय. वॉचमन काकांना सांगून ठेवलंय काठी घेऊन यायचं नाही. मागच्या आठवड्यात दोघी वर गेल्या, चाळीस मिनिटं, मला जिन्यात डास चावून चावून हैराण, आणि खाली आल्या त्या डोळे सुजलेल्या, मला म्हणाल्या मॅडम मेसमध्ये भाकरी उरलीये का. भांडण मिटलं का? नाही मिटलं, अजून त्यांचं पटत नाही, पण एकीला दुसरीचं नक्की काय खुपतं ते आता माहितीये.

आणि एक बारीकशी गोष्ट केली. रूम बदलायच्या अर्जात कारणाचा रकाना होता, एका ओळीचा, त्यात सहा वर्षं सगळ्या मुली 'वैयक्तिक' एवढंच लिहायच्या. या जूनमध्ये मी नवीन अर्ज छापून घेतला, कारणाला अर्धं पान जागा ठेवली आणि खाली लिहिलं की हे घरी कळवलं जाणार नाही. क्लार्क म्हणाला मॅडम कशाला कागद वाया घालवता.

आज तीन अर्ज आलेत. एकीला अर्धं पान पुरलं नाही, मागे पलटून लिहिलंय, बारीक अक्षरात, शेवटी बाण काढून समासात. ते वाचायला घ्यायचंय म्हणून इथेच थांबते.

आपली,
एक लॅब असिस्टंट आणि सध्या रेक्टर